मागची खुंटी

सकाळी कपाट उघडलं की विशाखा पानसकर आधी पुढच्या खुंट्यांकडे बघतच नसे. ती वाकून अगदी तळाची, मागची खुंटी बघे. तिथे झिजलेल्या साखळ्या असल्या की तिचा जीव भांड्यात पडे आणि मग ती चहा टाके. आज तिथे तिच्या भावाच्या, प्रतापदादाच्या साखळ्या होत्या. तिन्ही नव्याकोऱ्या, तेल लावलेल्या, एका दातालाही धक्का न लागलेल्या.

करवंदी घाटातल्या पथकाचं हे कोठार म्हणजे रस्त्याकडेला ठेवलेला पत्र्याचा कंटेनर. पावसाळ्यात घाटात झाडं कोसळायची, पथक चेनसॉ घेऊन धावायचं, आणि जादा साखळ्या सांभाळायचं काम विशाखाकडे असायचं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण चेनसॉची साखळी म्हणजे कुणाच्याही पायात जाणारी चप्पल नव्हे. ज्या पात्यावरून ती फिरते त्याच्या लांबीची ती असावी लागते. चुकीची चढवली तर उडते, आणि उडाली की समोर माणूस आहे की लाकूड, ते बघत नाही. पूर्वी हा सगळा पसारा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत असे. डब्यावर रंगाने नाव, आत तेल, आणि घाईच्या वेळी हवी असलेली साखळी हमखास गुंत्यात.

मग हे कपाट आलं. प्रत्येक साखळीच्या एका कडीत तांदळाएवढी चकती बसवली गेली. तिला नोंदकडी म्हणत. साखळीने किती लाकूड कापलं, दात किती झिजले, हे ती कपाटाला कळवी. घाटातल्या मोठ्या झाडांना कलमापक लागले, त्यामुळे कोणतं झाड किती झुकलं आणि मुळाखालची माती किती ओली, ते समजे. पथकातल्या प्रत्येकाच्या मनगटावर नाडी आणि थकवा मोजणारा पट्टा आला. या सगळ्याची गोळाबेरीज करून कपाट ठरवी, की कोणतं झाड पडेल, कोण जाईल आणि कोणती साखळी मागेल. त्याप्रमाणे खुंट्या आपोआप फिरत. लगेच लागणारी साखळी पुढे, नंतर लागणारी तिच्या मागे, आणि पुन्हा कधीच न लागणारी तळाच्या मागच्या खुंटीवर. अंदाज इतका बिनचूक निघे की पथकातल्या पोरांनी कपाटाचं नाव देवऋषी ठेवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात पथकातल्या बापू सपकाळांच्या नव्या साखळ्या मागे गेल्या. यंत्र बिघडलं असं समजून विशाखाने त्या हसत पुढे आणून लावल्या, बापूही हसले. त्याच आठवड्यात फणसाच्या खोडाशी बापू छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून विशाखाच्या झोपेचं खोबरं झालं होतं. नोकरी सोडावी असं हजारदा मनात आलं, पण मग रोज सकाळी त्या खुंटीकडे बघणारं कुणी उरलं नसतं. खिडकी नसलेल्या त्या कंटेनरमध्ये ती वर्षभर अशीच अडकून पडली होती.

"विशे, माझी चेन दे लवकर," प्रताप दारातूनच म्हणाला. "तिसऱ्या वळणावर आंबा आडवा झालाय. खाली जीप घावलीया. मानसं हायती आत, बोलत्यात."

आंब्याचं खोड दोघांच्या कवेत न मावणारं होतं. तेवढं लांब पातं एकट्या प्रतापच्या करवतीला होतं, आणि तिची साखळी काल खडकात घुसून बोथट झाली होती. दुसरं पथक दरडीपलीकडे अडकलेलं.

"चेन न्हाई," विशाखा म्हणाली.

"न्हाई म्हंजी? परवाच तीन नव्या आल्यात की."

ती कपाटासमोर आडवी उभी राहिली. लहानपणी त्याच्या वाटणीची करवंदं खाऊन ती अशीच उभी राहायची, आणि तेव्हाही तिला खोटं जमत नसे. प्रतापने तिला अलगद बाजूला केलं, वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. बापूंच्या साखळ्या कुठे गेल्या होत्या, हे तिने एकट्या त्यालाच सांगितलं होतं.

"दादा, तू जाऊ नगंस." तिला रडू आवरेना. "वहिनीला काय सांगू मी?"

"आन् त्या जीपमधल्यांच्या घरी काय सांगशील?" तो हळूच म्हणाला.

तिने कपाट बसवणारे इंजिनियर देवस्थळी यांना पुण्याला फोन लावला. त्यांनी आपल्या पडद्यावर कपाटाची माहिती उघडली.

"हे बघा ताई, कपाट मरण सांगत नाही. साखळी लागणार नाही, एवढंच सांगतं. का, ते त्यालाही माहीत नसतं. माणूस आजारी पडेल, किंवा त्याला साखळी कुणी देणारच नाही."

"देणार नाही म्हणजे?"

"तुमच्याही मनगटावर पट्टा आहे ना? रोज कपाट उघडताना तुमची नाडी धावते. भावाची साखळी देताना तर जास्तच. मला इथे दिसतंय ते. या हिशेबात तुम्हीसुद्धा आहात."

विशाखाने फोन ठेवला. साखळी दिली तरी ती चढवण्याआधीच दादाचा जीव जाणार, असं कपाटाला दिसलं असेल. किंवा ती साखळी देणारच नाही असं दिसलं असेल, आणि मग जाणार होती ती जीपमधली माणसं. दोन्हींत साखळी मागच्याच खुंटीवर येत होती. यातलं खरं कोणतं, हे दादाला पाठवल्याशिवाय कळणार नव्हतं. तिला त्या यंत्राचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या धावत्या नाडीचा.

बाहेर चालकाने हॉर्न वाजवला. तिने वाकून एक साखळी काढली आणि दादाच्या हातात दिली.

"लागंल तेवढंच काप आन् माघारी ये."

"येतो की," तो म्हणाला आणि गेला.

तिने कपाटाचं दार लावलं. आत खुंट्या कुरकुरत फिरू लागल्या. एक साखळी बाहेर गेली हे कळताच कपाट नवा अंदाज बांधत होतं. मग आवाज थांबला. उरलेल्या दोन साखळ्या पुढे आल्या असतील तर दादा परत येणार होता. फक्त दार उघडून बघायचं होतं. तिने मुठीला हात लावला, काढला, पुन्हा लावला, पण तिचं धाडस होईना.

बऱ्याच वेळाने वॉकीटॉकी खरखरली. "विशे, ऐकतीस न्हवं?" प्रतापचा आवाज दमलेला होता, पण खणखणीत होता. मागे कुणीतरी खोकत होतं, एक बाई पाणी मागत होती. "खोडात जुनी तार निघाली. दात गेलं सगळं. अजून निम्मं ऱ्हायलंय. दुसरी चेन पाठव."

"तू बरा हाईस ना?"

"मला काय झालंय? चेन पाठव. खोड खाली सरकाय लागलंय."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. दादा धडधाकट होता, साखळी मागत होता, म्हणजे देवऋषी खोटा ठरला होता. तिने झटक्यात दार उघडलं. पुढची खुंटी रिकामी होती. दोन्ही साखळ्या तळाला, मागे, होत्या तिथेच होत्या.

दादा मागत होता, आणि कपाट अजूनही सांगत होतं की या साखळ्या लागणार नाहीत. मग इथून तिसऱ्या वळणापर्यंतच काहीतरी तुटणार होतं. साखळी न्यायला येणारा चालक वेळेत पोचणार नव्हता, किंवा खोड आधीच सरकणार होतं, किंवा साखळी देताना तिचेच हात पुन्हा थांबणार होते. इतक्या वर्षांत साखळी घेऊन ती स्वतः कधी झाडापर्यंत गेली नव्हती. तिचं काम कोठाराच्या दाराशी संपे, आणि कपाटाला तिची तेवढीच ओळख होती.

तिने दोन्ही साखळ्या पिशवीत टाकल्या. मनगटावरचा पट्टा काढून रिकाम्या झालेल्या मागच्या खुंटीला अडकवला आणि दार उघडंच टाकून ती पायवाटेने उताराला लागली. मागे कंटेनरमध्ये खुंट्या पुन्हा कुरकुरू लागल्याचं तिला ऐकू आलं. तिची नाडी आता त्या कपाटाला दिसत नव्हती. मग तो देवऋषी आता कुणाच्या भरवशावर हिशेब मांडत होता? की ती पट्टा काढून निघेल, हेही त्याने आधीच त्यात धरलं होतं?