चिकननंतरचे तीन तास

फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचे दोनशे चाळीस कप होते. तिर्त्सा लांडाउने सकाळी दोनदा मोजले होते. शिबिराला आलेली मुलं दोनशे अकरा, मोठी माणसं एकोणतीस. रात्री प्रत्येकाला एक. पावणेचारला तिने पुन्हा मोजले. दोनशे अडतीस.

दुपारी सगळ्यांनी चिकन खाल्लं होतं. जेवण बारा चाळीसला संपलं, आणि मांस खाल्ल्यावर सहा तास दुधाला शिवायचं नाही, हा ज्यू घरातला नियम तिर्त्सा धड बोलायला लागायच्या आधी शिकली होती. इथल्या स्वयंपाकघरात ते पाळलं जातं की नाही हे पाहायलाच तिला नेमलं होतं. शिबिराचा पहिला दिवस, आणि तिचाही.

झिमझिम नुकतीच थांबली होती. ओल्या गवतावरच्या पाऊलखुणा तळ्याकडे जात होत्या. एक जोडी मोठी, एक अगदी लहान.

होड्यांच्या शेडमागे पायरीवर दोघं बसले होते. आठ वर्षांची शोशी, घरच्या आठवणीने रडून नाक लाल झालेली, आणि तिच्या गटाचा प्रमुख योना हर्शबर्ग. दोघांच्या हातात लाकडी चमचे.

"ये, बस," योना म्हणाला. "तिसरा कप मात्र नाही हं."

"न विचारता घेतलास."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही."

"मग? आमचे रात्रीचे आत्ताच खाल्ले, एवढंच. आणि तीन तास होऊन गेलेत. घराघराची रीत वेगळी; आमच्याकडे तीनच. आजोबा-पणजोबा फ्रँकफर्टचे."

"मोठे सोयीचे पणजोबा दिसतात."

तो हसला. डोळे प्रामाणिक होते... आणि नेमका त्याचाच तिला संशय आला.

"आमच्याकडेही तीनच," शोशी नाक ओढत म्हणाली.

"हे तुला कोणी सांगितलं? यानेच ना?"

शोशी योनाकडे पाहू लागली. तिर्त्साला तेवढं पुरलं.

"पाचला रिकाम्या बस परत जातात," ती म्हणाली. "नियम मोडणारा त्यात बसतो. शिबिरप्रमुखांना मला सांगावं लागेल."

"सांग की. मी बॅगच उघडत नाही." मग हळूच, "पण एक... तू रागावलीस की तुझ्या कपाळावर बरोब्बर दोन आठ्या पडतात. मीही मोजतो."

ती कचेरीत गेली. शिबिरप्रमुखांच्या दारावर हात ठेवला, काढला. मग शोशीच्या घरी फोन लावला.

"तिच्या सवयी लिहून घेतेय," ती आईला म्हणाली. उत्तर सुचेल असं काही बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. "मांसानंतर दूध किती वेळाने?"

"तीन तासांनी. का हो, कार्टीने चोरून खाल्लं की काय?"

"नाही, नाही. योना हर्शबर्ग तुमचा कोण?"

"कोण हर्शबर्ग?"

पाचला दहा कमी असताना योना बसच्या पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसला होता. हसत नव्हता आता.

"बॅग उघड," तिर्त्सा म्हणाली.

"तपासायला?"

"कपडे लावायला. मी चुकले... पण कप पुन्हा न विचारता घ्यायचा नाही."

तो उठला, पण हलला नाही.

"तुमच्याकडे सहा ना?"

"सहा."

"आमच्यात लग्न करून आलेली मुलगी नवऱ्याच्या घरची वेळ पाळते."

"आमच्यातही." तिने डोळे बारीक केले. "हे आत्ता कशाला सांगतोयस?"

"उगीच. तीन तास वाचतात, एवढंच डोक्यात आलं."

"ओळख होऊन एक तास झालाय, योना."

"अठ्ठावन्न मिनिटं," तो म्हणाला. आणि तिने — नको नको म्हणत — घड्याळात पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या दिवशी दोनशे सव्वीस मुलं उतरली. चिकन बारा अडतीसला संपलं. होड्यांच्या शेडमागे, केसांवर रुमाल बांधलेल्या तिर्त्सा हर्शबर्गने आइस्क्रीमचं झाकण उघडलं, तेव्हा तिच्या घड्याळात तीन अडतीस झाले होते.