तेराव्या भागातली बहीण

टीव्हीवरचा सिनेमा ऐन शेवटाला बंद पडला आणि भागीरथीबाई लहान मुलीसारख्या रडू लागल्या. हरवलेला मुलगा आईच्या दारापर्यंत आला होता... आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या!

त्यांची लेक अखिला पायात चपला सरकवून तडक केबलवाल्याकडे गेली. दक्षिण राजवीथीवर, कॉफीच्या दुकानावरची खोली. आत एक तरुण व्हीसीआरमध्ये अडकलेली फीत सोडवत बसला होता. सिनेमा कधी लागणार, अम्मा रडतेय, असं अखिलाने तमिळमध्ये दोनदा विचारलं. त्याने मान वर केली नाही.

"काय माकड आणून बसवलंय," इथे कोणाला कळणार नाही म्हणून ती घरच्या मराठीत पुटपुटली.

"माकडाचं नाव वादिराज," तो मराठीतच म्हणाला.

अखिलाचे कान तापले. त्याने मात्र आता वर पाहिलं—आणि पाहतच राहिला.

"अम्मांना सांगा, मुलगा सापडतो. दंडावर डाग आहे ना त्याच्या? आई तो बघते, हातातला तांब्या पडतो, मग मिठी."

"पाहिलाय तुम्ही?"

"नाही. पण तांब्या पडल्याशिवाय आई ओळखतच नाही की!"

दुसऱ्या दिवशी त्याने तो शेवट पुन्हा लावला. संध्याकाळी टायपिंगचा वर्ग संपवून अखिला मुद्दाम जिना चढली.

"तांब्या नव्हता. ताट होतं."

"म्हणजे मी अर्धा हरलो. अर्धी कॉफी माझ्याकडून."

ते १९९४ साल. गच्च्यांवर तबकड्या उगवत होत्या, दर महिन्याला नवं चॅनेल येत होतं, आणि वादिराजला त्यातल्या एकासाठी मालिका लिहायच्या होत्या. जुळे भाऊ, आठवण जाणं, आंधळ्या आईला लग्नाच्या दिवशी दिसू लागणं... हे सगळं त्याला पाठ होतं. "प्रेमात पडायच्या आधी दोघांची टक्कर लागते," तो सांगे. "पुस्तकं खाली पडतात."

"आपली तर पडली नाहीत," अखिला म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी दोघं कालव्याच्या काठाने चालत होते. त्याने सहज विचारलं, "अम्मांना हरवलेल्या मुलांचेच सिनेमे का लागतात?"

तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. तिचा थोरला भाऊ अनिरुद्ध सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. कॉलेजची परीक्षा बुडवून तो बसने पापनाशमला जाई, एका मुलीला भेटायला. वडिलांना, अप्पांना, ते कळलं. त्यांनी त्याला भर रस्त्यात चपलेने मारलं. सकाळी अंथरूण रिकामं होतं.

"अप्पांना कळलं कसं?"

"मी सांगितलं." पाऊस तिच्या पापण्यांवर थांबला होता. "सोळा वर्षांची होते मी. त्यानं मला सिनेमाला नेलं नाही, म्हणून... एवढ्यासाठी. अप्पा गेले, पण अम्माला अजून माहीत नाही."

वादिराजने तिचा हात हातात घेतला. "माझ्याजवळ राहील हे," तो म्हणाला. ती त्याच्या खांद्याला टेकली. इतकं हलकं तिला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

पुढल्या वर्षी तो मद्रासला गेला. त्याची पत्रं येत—भाषा घरची मराठी, अक्षरं तमिळ, कारण देवनागरी दोघांनाही धड येत नव्हती. 'मालिका मिळाली. दर गुरुवारी साडेसातला. पहिली गाजली की अम्मांना भेटायला येतो... मागणी घालायला.' अखिलाने ते पत्र उशीखाली ठेवलं.

मालिका सुरू झाली. त्यातल्या घरातून थोरला मुलगा निघून गेला होता, आणि आई मागच्या दाराला कधी कडी लावत नव्हती.

"बघ की, माझ्यासारखीच!" भागीरथीबाई म्हणाल्या. अखिला हसली, पण पडद्यावरून नजर काढली नाही.

तेराव्या भागात दोन वेण्यांची एक मुलगी आरामखुर्चीमागे उभी राहिली. "अप्पा, अण्णा परीक्षेला बसतच नाही. बसने त्या मुलीकडे जातो." वीज कडाडल्यासारखं संगीत वाजलं. कॅमेरा तीनदा तिच्या चेहऱ्यावर गेला. ती गालात हसत होती.

अखिला त्या दिवशी हसली नव्हती. खोटं तेवढंच होतं.

भागीरथीबाईंनी मान वळवली. "तूच का गं?"

अखिलाला नाही म्हणता आलं नाही.

"मी त्यांनाच बोल लावला. पोरावर पाळत ठेवलीत म्हणून. मरेपर्यंत लावला... त्यांनी एकदाही तुझं नाव घेतलं नाही."

रोज सकाळी त्या लेकीची वेणी घालत. दुसऱ्या दिवशी घातली नाही. नंतरही नाही.

महिन्याभराने वादिराज आला, हातात मिठाई आणि मोगऱ्याची फुलं घेऊन. अखिला दारातून हलली नाही.

"तुम्ही म्हणाला होता, तुमच्याजवळ राहील."

"नाव कुठं घेतलं मी? वाईट माणूस लागतो, अखिला. नाहीतर मालिका चालत नाही. अम्मा बघतील हे..." तो अडखळला. "माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि शेवटी ती सुधारते की! भाऊ परत येतो, तिला पोटाशी धरतो. मी तसंच लिहिणार आहे—तुझ्यासाठी."

"माझा भाऊ कितव्या भागात येतो?"

त्याच्या हातातल्या फुलांच्या पुड्यातून पाणी ठिबकत होतं. त्या वासाने तिचा जीव अजूनही त्याच्याकडे ओढत होता, आणि त्याचाच तिला राग आला.

"तुम्ही जा."

तेवढ्यात आतून भागीरथीबाई भिंत धरत आल्या. "तूच लिहितोस ना रे ते? येतो ना तो?"

वादिराजने अखिलाकडे पाहिलं. "येतो, अम्मा. दिवाळीला."

पण मालिका गाजली, म्हणून लांबली. सव्वीस भागांची बावन्न झाली. दिवाळी गेली, पोंगल गेला. भागीरथीबाई गुरुवारचे दिवस मोजत खंगत चालल्या. शेवटी अखिलाने मान खाली घालून मद्रासला चार शब्द लिहिले: 'अम्मा थकली. त्याला आणा.'

उत्तर आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी मात्र मुलगा आला. आईने त्याचं तोंड कुरवाळलं, बहीण पायांवर पडली, भावाने तिला उठवलं. भागीरथीबाई हात जोडून बघत होत्या. त्यांच्या शेजारी अखिला श्वास धरून बसली होती—अम्माचा हात पुढे येईल, निदान गुडघ्याला लागेल, म्हणून.

जाहिराती सुरू झाल्या. भागीरथीबाईंनी डोळे पुसले.

"चांगला मुलगा आहे तो वादिराज," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तोही तू घालवलास."