पाहुण्याची सिंधी

उल्हासनगरात ईश्वरीबाई केसवानींच्या स्वयंपाकघरातला फ्रिज आता सिंधीत बोलतो. दूध संपलं की सांगतो, उगाच दार उघडं ठेवलं तर रागावतो. ‘सिंधूवाणी’ हे बोलकं यंत्र घराघरांत शिरलं आणि जी पोरं हिंदीपलीकडे जात नव्हती ती फडाफडा सिंधी बोलू लागली. ईश्वरीबाईंची नात महक तर आजीशी तासन्‌तास गप्पा मारायची. सगळा समाज खूश होता. फक्त ज्या शर्वाणी कर्णिकने हे यंत्र घडवलं, तिलाच पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटत होतं.

संगणकाला भाषा शिकवायची तर मजकुराचे ढीग लागतात, आणि सिंधीचा मजकूर मूठभर, तोही दोन लिप्यांत वाटलेला. म्हणून शर्वाणीने यंत्रालाच वाक्यं रचायला लावली. जाणत्या म्हाताऱ्यांनी ती ऐकून चूक की बरोबर ते सांगायचं आणि बरोबर ठरलेल्या वाक्यांवरून यंत्राने पुढचं शिकायचं. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. परवा तिच्या लक्षात आलं की एकाही म्हाताऱ्याने एकदाही ‘चूक’ म्हटलेलं नाही. आपलं यंत्र इतकं शहाणं असेल, यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. न ऐकताच ‘बरोबर’चं बटण दाबत असतील, असा संशय घेऊन ती दुपारी ईश्वरीबाईंकडे आली.

ईश्वरीबाईंनी आधी पापड आणि पाणी पुढे ठेवलं. सिंधी घरात त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. शर्वाणीने एक वाक्य ऐकवलं.

“छान आहे,” बाई म्हणाल्या.

“मावशी, हे मी मुद्दाम मोडलंय. याला काही अर्थच नाही.”

“माहितेय ना.”

“मग छान का म्हणालात?”

“अगं बेटा, परका कुणी दारात येऊन आपली बोली बोलायला बघतो. त्याला तोंडावर चूक म्हणायचं? आमच्यात कुणीच म्हणणार नाही.”

आता शर्वाणीला उलगडा झाला. यंत्राला सगळ्यांनी पाहुणा मानलं होतं. चुकीवर चूक चढत गेली होती, आणि आता ते बोलत होतं ती सिंधी कुणाच्याच घरची नव्हती.

“मी हे आजच बंद करते,” ती म्हणाली. “सगळं पुसून पहिल्यापासून शिकवू.”

तेवढ्यात महक कॉलेजातून आली. आल्या आल्या तिने आजीला यंत्राच्या सिंधीत काहीतरी सांगितलं. ईश्वरीबाईंनी अडखळत, शब्द शोधत तिच्याच त्या सिंधीत उत्तर दिलं. महक हसत आत गेली.

“मावशी, ही सिंधी तुम्ही कुठे शिकलात?”

“यंत्राकडून. ती कॉलेजात असते तेव्हा मी रोज त्याच्यापुढे बसते.” ईश्वरीबाईंनी शर्वाणीचा हात धरला. “आधी ही पोरगी ‘खाना दो’ सोडून माझ्याशी बोलायची नाही गं. माझी सिंधी तिला येत नाही, तर मी तिची शिकते. तू बंद केलंस तर आम्ही दोघी पुन्हा मुक्या.”

शर्वाणीला राग आला, पण तो नेमका कुणाचा ते तिला कळेना. आतून महकने हाक मारली आणि ईश्वरीबाई लगबगीने उठल्या. शर्वाणीने मोबाईल उघडला. यंत्र थांबवायला एक स्पर्श पुरेसा होता. भाषा वाचवायला निघालेल्या तिने आता कुणाची जीभ छाटायची?