सोडू?

सेफ्टीवाल्या बाई आल्या त्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळं नेहमीसारखंच होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, अंधार असेल, वारा घोंघावत असेल. छे! बाहेर लख्ख ऊन होतं. आत ग्राइंडर किंचाळत होता, जळक्या लोखंडाचा आणि तेलाचा वास नाकात बसला होता, आणि चहाची वेळ कधी होते याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते.

बाईंच्या हातात एक कोरा बोर्ड होता. दोघांनी मिळून जड माल उचलायचा असला की आधी काय बोलायचं, ते त्यांना त्यावर लिहायचं होतं. "पुस्तकातले शब्द लिहिले तर ते भिंतीवरच राहतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज काय बोलता ते सांगा. तेच लिहिते."

सगळ्यांनी बुटक्याकडे बोट केलं.

बुटका म्हणजे इथला जुना फिटर. वय पन्नाशीला टेकलेलं, उंची पाच फुटांना कशीबशी. एकवीस वर्षं त्याचा जोडीदार होता लंबू, सहा फूट दोन इंच. दोघं पत्रा घेऊन निघाले की लोक म्हणायचे, खांब आणि खुंटी चालली फिरायला. खरं तर अशी जोडी लावूच नये. एक उंच आणि एक ठेंगणा असला की पत्रा ठेंगण्याकडे कलतो आणि सगळं ओझं त्याच्या मनगटावर येतं. पण लंबूनं त्यावर स्वतःचा इलाज काढला होता. तो गुडघे वाकवून चालायचा. एकवीस वर्षं वाकून चालला, पत्रा सरळ राहावा म्हणून. खाली वाकला की त्याचे गुडघे वाजायचे, आधी डावा, मग उजवा. कट्, कट्. रोज सकाळी तो गुडघ्यांना बाम चोळून यायचा आणि म्हणायचा, "बुटक्या, बायकोसमोर वाकलो नाही एवढा तुझ्यासमोर वाकलो रे."

लंबूला जाऊन आता दहा महिने झाले होते.

"उचलायच्या आधी मी विचारतो, 'घेतलं?'" बुटका म्हणाला. "समोरचा म्हणतो, 'घेतलं'. मग उचलायचं. ठेवताना मी विचारतो, 'सोडू?' तो म्हणतो, 'सोड'. मग सोडायचं."

"छान," बाईंनी लिहून घेतलं. "आणि सोडायचं नसेल तर?"

"अं?"

"समजा समोरच्याची बाजू नीट टेकलीच नाही. तुम्ही विचारलंत, 'सोडू?' तो काय म्हणणार?"

कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणेल की, 'सोडू नको'."

बाईंनी पेन उचललं आणि तिथेच थांबवलं. "हे धोक्याचं आहे हो. 'सोड' आणि 'सोडू नको', दोन्हींची सुरुवात एकच. या ग्राइंडरच्या आवाजात 'नको' गेलं, तर समोरच्याला काय ऐकू येणार?"

बिचारीला काही माहीत नव्हतं. ती आपली सरळ बोलून गेली. पण बुटका हात पुसायचा कपडा शोधायचं निमित्त करून तिथून निघाला.

त्याचं असं झालं होतं. दहा महिन्यांपूर्वी दोघांनी जाड पत्रा कातर मशीनवरून उचलला होता, पन्नासेक किलोचा. कातरलेली कड अजून घासलेली नव्हती, ती विळ्यासारखी धारदार असते. तो लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूच्या स्टँडांवर, ठेवायचा होता. एक घोडी बुटक्याच्या बाजूला, एक लंबूच्या. शेजारी ग्राइंडर चालू. बुटक्यानं विचारलं, "सोडू?" लंबूनं उत्तर दिलं. बुटक्यानं सोडलं. लंबूच्या बाजूची घोडी तेलावरून मागे घसरली होती. पत्रा सगळाच्या सगळा त्याच्याकडे सरकला आणि ती कड त्याच्या वाकलेल्या मांडीत शिरली. संध्याकाळपर्यंत तो दवाखान्यात होता. मग नव्हता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "तो काय म्हणाला?" बुटका म्हणाला, "सोड म्हणाला." खोटं म्हणून नव्हता तो बोलला. एकवीस वर्षं त्या प्रश्नाला दुसरं उत्तर कधी आलंच नव्हतं. पहिलं अक्षर कानावर पडलं की बोटं आपोआप सुटायची. साहेबांनाही ते सोयीचंच होतं, सुंठीवाचून खोकला गेला. कागदावर लिहिलं गेलं की मयतानं स्वतः चुकीची सूचना दिली. खाली लंबूच्या बायकोची सही घेतली.

पण रात्री पडल्यावर बुटक्याला लंबूचं तोंड दिसायचं. 'सोड' म्हणताना माणसाचं तोंड असं उघडं राहत नाही. त्या तोंडातून आणखी काहीतरी निघत होतं. काय, ते बुटक्याला आतून कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. दहा महिने तो ते दाताखाली धरून जगत होता.

जेवणाची सुट्टी झाली. ग्राइंडर बंद पडला की वर्कशॉप किती मोठं आहे ते कळतं. छपराचा पत्रा उन्हानं तापून तडकत होता, बाकी सामसूम. दुपारनंतर बाई उचलण्याची पद्धत करून दाखवणार होत्या, त्यासाठी एक पत्रा घोड्यांवर आणून ठेवायचा होता. बुटक्याचा नवा जोडीदार, त्याला सगळे नवरदेव म्हणायचे कारण लग्नाला तीनच महिने झाले होते, तो फोनवर बायकोशी बोलायला बाहेर गेला होता. म्हणजे अर्धा तास गेला समजा.

बुटक्यानं डबा उघडलाच नाही. तो मांडणीपाशी गेला. गुडघ्याएवढ्या उंचीवर पत्रे रचलेले. त्यानं हातमोजे घातले, आपल्या बाजूची कड धरली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "घेतलं?"

कट्.

कट्.

पत्रा उचलला गेला. दोन्ही बाजूंनी.

बुटक्यानं मान वर केली नाही. करवलीच नाही. त्याला फक्त पत्रा दिसत होता, आणि पत्रा सरळ होता, तळ्यातल्या पाण्यासारखा. नवरदेवाबरोबर उचलताना दहा महिन्यांत असा एकदाही राहिला नव्हता. नवरदेवही उंच, पण तो वाकायचा नाही, आणि बुटक्याचं मनगट रोज रात्री ठणकायचं. आज मनगट शांत होतं. तेलाच्या वासातून दुसरा एक वास वर आला. बामाचा.

"लंबू..." तो पुटपुटला.

पत्रा चालू लागला. बुटका मागे मागे पावलं टाकत गेला, नेहमीसारखी, डावं आणि मग उजवं. खरं सांगायचं तर त्या आठ-दहा पावलांत भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी दाटून आलं. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्यासाठी वाकलं होतं! त्याचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

घोड्या आल्या. पत्रा त्यांच्या वर थांबला.

आता विचारायचं होतं. मशीन बंद होती. माशी उडाली असती तरी ऐकू आली असती. या वेळी उत्तर पुरं ऐकू येणार होतं. न विचारता ठेवून द्यावा, पळून जावं, असं बुटक्याला वाटलं. पण समोरची बाजू हलेना. वाट बघत होती.

"सोडू...?"

छपराचा पत्रा एकदा तडकला. मग समोरून, दमलेल्या माणसाच्या आवाजात, अगदी हळू आलं,

"सोडू..."

आणि बराच वेळ काहीच नाही. बुटक्याची बोटं सुटायला लागली, एकवीस वर्षांची सवय. त्यानं जीव खाऊन ती पुन्हा आवळली.

"...नको."

"नाही रे," बुटका रडत म्हणाला. "नाही सोडत. आता नाही सोडत."

सुट्टी संपेपर्यंत तो तसाच उभा होता. नवरदेव आला, बघितलं आणि धावलाच. त्यानं पलीकडची कड पकडली. "घेतलं, दादा, घेतलं! ठेवा आता. अहो, एकट्यानं कसा काय..." पत्रा खाली टेकल्यावर त्यानं आपल्या हातांकडे बघितलं, मग बुटक्याकडे. "दादा, मी धरायच्या आधीही तो सरळच होता हो," तो म्हणाला आणि त्या दिवशी पुन्हा फोनवर गेला नाही.

बुटका तडक बाईंकडे गेला आणि सगळं बोलून टाकलं. पत्रा कुणी धरला ते सोडून सगळं. "लंबू 'सोड' म्हणालाच नव्हता, बाई. 'सोडू नको' म्हणाला होता. चूक माझी. कागद बदला. मला काढलं तरी चालेल, पण त्याच्या नावावरचं काढा." बाईंनी बोर्डावर शेवटची ओळ लिहिली: सोडायचं नसेल तर 'थांब'. आणि म्हणाल्या, "जुन्या कागदाची प्रत घरच्यांकडे असेल. ती घेऊन या. नव्यानं लिहू."

संध्याकाळी तो लंबूच्या घरी गेला. वहिनी दारातच शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यानं उंबऱ्यात उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसलो तर बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

वहिनींनी चाकावरचा हात काढला. "सही करतानाच मला पटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चपलासुद्धा बघून घालणारा माणूस तो." मग थोड्या वेळानं त्यांचा आवाज बारीक झाला. "भाऊजी, दवाखान्यात माझा हात धरून हे एकच म्हणत होते. सोडू नको, सोडू नको. मला वाटलं, मलाच म्हणतायत. मी नाही सोडला. डॉक्टरांनी सोडवला..." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "म्हणजे ते मला नव्हतं तर."

बुटक्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकाच्या नावावरचा डाग धुवायला आला आणि दुसरीकडचं होतं नव्हतं तेवढंही घेऊन चालला. "दोघांनाही म्हणाला असेल, वहिनी," तो कसाबसा म्हणाला.

"असेल," त्या म्हणाल्या. डोळे पुसून उठल्या. "कागद त्या ट्रंकेमागे पडलाय. जरा उचलायला हवी. तुमची बाजू घ्या."

ट्रंक लंबूनंच बनवलेली, जाड पत्र्याची, कपड्या-भांड्यांनी गच्च भरलेली. दोन्ही बाजूंना कड्या. बुटक्यानं वाकून आपली कडी धरली, पाठ ताठ, गुडघ्यातून. खाली बघतच म्हणाला, "घेतलं?"

कट्, कट्.

ट्रंक उचलली गेली. बुटक्यानं मान वर केली. वहिनी भिंतीशी वाकून मागचा कागद काढत होत्या. त्यांचे दोन्ही हात कागदावर होते.

बामाचा वास आला. ट्रंक सरळ होती. बुटक्याचे हात भरून आले, आणि सवयीनं त्याचे ओठ हलले, "सो..."

"विचारू नका, भाऊजी," वहिनी मागे न बघता म्हणाल्या. कागदावरची धूळ त्या हळूहळू झटकत होत्या. "मी कधीच विचारत नाही. ते दमतील तेव्हा आपोआप टेकते."

"पण विचारलं तर...?"

"एखाद दिवशी 'सोड' म्हणाले तर? मग सोडावंच लागेल."

बुटक्यानं ओठांवरचा शब्द गिळला. वहिनी दिवा लावायला आत गेल्या, आणि ते दोघं ट्रंक धरून तसेच उभे राहिले.