नळीवरची खोळ

सकाळी चहाला निघालेल्या विल्फ गारबटने सहज खिशात हात घातला आणि तो जागीच थिजला. महायुद्धाच्या त्या दिवसांत लिंकनशायरच्या हवाई तळावर बॉम्बफेकी विमानांची देखभाल करणाऱ्यांत त्याच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नव्हता. विमान माझं, ह्या पोरांना मी ते फक्त रात्रीपुरतं वापरायला देतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. विमानाच्या नाकाशी वेग मोजणारी नळी असते. उड्डाणाआधी तिची कापडी खोळ काढायची, कप्तानाला दाखवायची आणि खिशात टाकायची, ही रोजची रीत. विमान काल रात्रीच गेलं होतं, आणि आज खिसा रिकामा होता.

म्हणजे खोळ नळीवरच राहिली! वेगाचा काटा रात्रभर शून्यावर. त्यात धावपट्टीवर हे दाट धुकं. उतरताना वेगाचा अंदाज जरा चुकला, की विमानातली सातही पोरं खलास.

"काय करून बसलो मी हे!" म्हणत विल्फ धावत सुटला.

धुक्यात इंजिनांची घरघर जवळ आली. बराच वेळ काहीच दिसेना. मग विमान दिसलं, आणि अगदी अलगद टेकलं. विल्फला रडूच फुटलं.

कप्तान लडलम खाली उतरला.

"साहेब, खोळ माझ्याकडून राहिली. काय ती शिक्षा करा."

"गप रे म्हाताऱ्या! धावपट्टी सोडतानाच कळलं होतं. पण परत फिरू या, असं एकानेही म्हटलं नाही. अशी माझी पोरं!"

"मग वेग कसा...?"

"हा आमचा नवा इंजिनिअर, सिरिल. कानावरच्या फोनमधून सांगत होता. एकशे वीस... एकशे पंधरा... पहिलीच खेप, पण वाघ आहे वाघ!"

सिरिल पांढराफटक पडला होता. "मी नाही, कप्तान... मला वाटलं, तुम्हीच बोलताय..."

विल्फची नजर विमानाकडे वळली. गेल्या आठवड्यात सिरिलच्याच जागेवर नॉर्मन टिंडल तोफगोळ्याचा तुकडा लागून ठार झाला होता. ते आसन विल्फने स्वतःच्या हाताने धुतलं होतं. हल्ल्याच्या तीस खेपा झाल्या की घरी सोडत. नॉर्मनच्या एकोणतीस भरल्या होत्या.

"टेकल्यावर तो आवाज म्हणाला..." कप्तानाचा आवाज खाली आला, "'झाल्या माझ्या तीस.' मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय."

"आमचा नॉर्मन!" विल्फचा ऊर भरून आला. "काम अर्धवट टाकणाऱ्यातला नव्हताच तो."

"पुढचं नाही ऐकलंत तुम्ही?" सिरिल पुटपुटला. "मला म्हणाला... 'उद्या तुला न्यायला येतो.'"