अल मुंतझातली चिप

"वहिनी, चिप चोरीला गेलीय!"

१९८४ सालच्या एका शुक्रवारी संध्याकाळी सुरेश दीक्षित दारातूनच ओरडले. शशिकलाबाईंनी लगेच पर्स उचलली. दोह्यातल्या मराठी घरांत काही हरवलं की आधी त्यांनाच बोलावणं यायचं. मागोमाग त्यांचे यजमान सदानंदराव निघाले. बायकोच्या हुशारीचा त्यांना भारी अभिमान, फक्त ती त्यांना उशिरा कळायची!

अल मुंतझा भागातल्या सुरेशच्या फ्लॅटमध्ये एसीनं हुडहुडी भरत होती. टेबलावर स्पेक्ट्रम कॉम्प्युटर उघडा पडला होता, चिप बसवायचं मधलं सॉकेट रिकामं.

"जेवून आल्यावर बटण दाबलं. सुरू होईना, म्हणून लगेच उघडला," सुरेश म्हणाले. "मँचेस्टरजवळ जिथं ही चिप बनते, तिथं मी नोकरी केलीय. कित्येक चिपांचं काम ही एकटी करते. इथं कुठून आणू? उद्या मंडळात नीताचा कार्यक्रम आहे!"

सुरेशच्या पंधरा वर्षांच्या लेकीनं, नीतानं, कॉम्प्युटरला देवनागरी शिकवली होती. ती रडवेली होऊन म्हणाली, "काकू, लास्ट नाइट इट वॉज फाइन."

मशीनला खेटून खोबरेल तेलाची बाटली होती. शशिकलाबाईंनी ती उचलली. मशीनकडच्या बाजूला तेल पातळ, पलीकडे पांढरं घट्ट.

"ही कोणी ठेवली?"

"मीच," नीताची आई म्हणाली. "दुपारी नीताची वेणी घालायची होती, पण तेल पार गोठलेलं. वैतागून तिथंच ठेवली आणि आम्ही शेजारी जेवायला गेलो."

टीव्ही मेकॅनिक रहमान सकाळीच येऊन गेला होता. त्याला बोलावलं.

"मैंने सिर्फ टीव्ही ट्यून किया, मॅडम." बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

सुरेशकडे आलेले त्यांचे मित्र महिपतराव डोकेदुखीमुळे जेवायला न जाता दुपारी इथंच थांबले होते. "मी सोफ्यावर झोपलो होतो. मशीन बंदच होतं. स्क्रूड्रायव्हर कोणाच्या खिशात असतो, सांगा!"

"खलास! रहमानच," सदानंदराव म्हणाले.

"अहो, थांबा जरा. सकाळीच चिप गेली असती, तर दुपारी मशीन चाललंच नसतं. पण ते चांगलं तापलं होतं."

"कशावरून?"

"तेलावरून. खोली गरम झाली असती तर अख्खी बाटली वितळली असती. इथं फक्त मशीनकडची बाजू वितळलीय. म्हणजे दुपारी बाटली ठेवल्यानंतर मशीन बराच वेळ चालू होतं आणि चिप जागेवर होती. तेव्हा घरात एकटे तुम्हीच होतात, महिपतराव. मग मशीन बंद होतं असं का सांगितलंत?"

महिपतरावांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली चिप काढली.

"माझ्या पोरानं त्याचं मशीन जाळलंय, त्यात ही बसवायची होती. ही चांगली आहे का बघायला चालू केलं. नीताच्या प्रोग्रामची कॅसेट लावलेलीच होती. पडद्यावर मराठी अक्षरं यायला लागली आणि मला उठवेना. तरी बुद्धी फिरली हो!"

सुरेशनी आधी रहमानची माफी मागितली, मग चिप बसवली. नीतानं कॅसेट लावली. प्रोग्राम चढतानाची कॅसेटची किंचाळी संपली आणि टीव्हीवर ठिपक्याठिपक्यानं शिरोरेघ उमटली.

रहमान बघतच राहिला. "साब, ये आपकी फॅक्टरी का कमाल है?"

"चिप फॅक्टरी की है, रहमानभाई," सुरेश म्हणाले. "कमाल मेरी बेटी का है!"