सरायवाल्याचं वाक्य

आठवड्यातून तीनदा, दुपारी बारा ते चार, ती डायलिसिसच्या खुर्चीत बसायची. छापखान्यात मुद्रितं तपासणारी बाई. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता डोळे शिणले होतेच, आता मूत्रपिंडांनीही हात टेकले. घराण्याचंच दुखणं ते. थोरला भाऊ, तिचा दादा, वर्षापूर्वी त्यातच गेला होता. त्याने उपचार अर्ध्यावर सोडले. असा माघार घेणारा माणूस नव्हता तो, म्हणून ते सगळ्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

चार तास जाता जात नाहीत, म्हणून छापखान्यातल्या सोबत्यांनी तिला हातात धरून खेळायचा गेम आणून दिला. जुनाच जपानी खेळ, नव्या चित्रांनी सजवून पुन्हा काढलेला. पडद्यावर नाव उमटलं आणि तिला हसू आलं. लहानपणी जहाजावरच्या मामाने हाच खेळ आणला होता. सगळी अक्षरं जपानी, दोघांनाही ओ की ठो कळत नसे. मग कोण काय बोलतंय ते दादा बेधडक ठोकून द्यायचा. राजा सिंहासनावरून म्हणायचा, "शेजाऱ्याने आमची शिडी नेलीय, ती घेऊन या." सरायवाला म्हणायचा, "आधी पाय पुसा, मग आत या."

आता खेळ कळणाऱ्या भाषेत होता. डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही, म्हणून उशीवर खेळाचं यंत्र ठेवून ती उजव्या हातानेच खेळायची. बरं होतं, राक्षसही शहाणे. आपण बटण दाबेपर्यंत ताटकळत उभे.

पहिले चार दिवस राजा राजासारखाच बोलला. पाचव्या दिवशी ती डोंगरापलीकडच्या गावात पोचली. ओसाड गाव, एक विहीर, वाटसरूंच्या मुक्कामाला एक सराय. विहिरीवरच्या म्हातारीशी बोलायला गेली, तर चौकटीत अक्षरं उमटली:

"शिडी मिळाली का?"

तिने वाक्य दोनदा वाचलं. सवयच ती. मग सिस्टरला हाक मारली. "सिस्टर, जरा हे वाचता का?"

सिस्टरने वाकून पाहिलं. "'आज हवा छान आहे,' असं लिहिलंय. का हो ताई?"

"काही नाही."

पुढच्या दोन खेपांना तिने यंत्र पिशवीतच ठेवलं. पण त्या आठवड्यात अंगातला जीवच ओसरला होता. जिना चढताना दोनदा बसली. नवरा पिशवी घेऊन शेजारी बसून राहिला. त्याचा तो ओढलेला चेहरा बघून तिच्या मनात आलं, दादाने सोडलं ते काही चुकलं नाही. किती दिवस हे असं?

तिसऱ्या खेपेला तिने यंत्र काढलं आणि सरळ सरायीत शिरली. आत दिवा मंद होता. सरायवाल्याचा चेहरा टोपीखाली दिसत नव्हता.

"आधी पाय पुसा, मग आत या."

भीती वाटायला हवी होती, पण वाटली ती माया.

"दमलीस ना, ठमे..."

ठमी. दादाखेरीज तिला या नावाने कुणी हाक मारत नसे.

"अंथरूण घातलंय. झोप आता. पुरे झालं."

खाली होय किंवा नाही निवडायचं होतं. बोट 'होय'वर गेलं. वॉर्डातले आवाज लांब लांब जाऊ लागले, डोळ्यांपुढे मऊ, उबदार काळोख पसरला... आणि तेवढ्यात तिला काहीतरी खटकलं. छापलेल्या पानात एकच चुकीचं अक्षर खटकावं तसं.

दादा तिला कधी झोप म्हणायचाच नाही. सुट्टीतल्या दुपारी ती पेंगायला लागली, की ढोसून उठवायचा. "झोपू नकोस ठमे, आता तर मजा आहे."

हे बोलणारं कोणीतरी दुसरंच होतं. नाव त्याला ठाऊक होतं, माणूस ठाऊक नव्हता.

बोट दगडासारखं जड झालेलं. तिने ते कसंबसं ओढून 'नाही'वर नेलं आणि दाबलं. मशीन ठणाणा वाजत होतं. सिस्टर तिचे पाय वर उचलत होती. "ताई, डोळे उघडे ठेवा. बीपी फार खाली गेलंय. माझ्याकडे बघा."

संध्याकाळी घरी पडल्या पडल्या तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाने उपचार का सोडले गं?"

"तुला विचारणार नव्हते मी..." वहिनी म्हणाली. "शेवटी शेवटी तो तुमचा लहानपणीचा खेळ घेऊन बसायचा. नवा निघालाय ना, तो. एक दिवस यंत्र मिटलं आणि म्हणाला, ठमीच म्हणतेय, दादा, पुरे झालं, झोप आता. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात गेलाच नाही."

शेवटचा अख्खा महिना तिचं दादाशी एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

"मी तुला दोष देत नाही गं," वहिनी हळूच म्हणाली. "पण एवढं सांग... तूच म्हणाली होतीस ना?"